मोटारगाडी उभी असताना वातानुकूलकातून गरम हवा येणे

मोटारगाडी उभी असताना वातानुकूलकातून गरम हवा येणे हा वाहनांच्या वातानुकूलन यंत्रणेत वारंवार आढळणारा दोष आहे. गाडी वेगात असताना आत पुरेसा गारवा असतो. सिग्नलला, टोलनाक्यावर किंवा वाहतूककोंडीत गाडी थांबून इंजिन आयडलिंगवर आले, की काही मिनिटांत आत येणारी हवा कोमट आणि मग गरम होते. गाडी धावू लागली की ती आपोआप पुन्हा गार होते. या तक्रारीवर गॅरेजमध्ये पुष्कळदा ‘गॅस कमी झाला आहे’ असे उत्तर मिळते आणि लगेच प्रशीतक भरले जाते. वास्तविक, धावत्या गाडीत मिळणारा गारवा हाच यंत्रणेचा बराचसा भाग सुस्थितीत असल्याचा पुरावा असतो. त्यामुळे दोष शोधायचा तो उभ्या आणि धावत्या गाडीत जे बदलते त्यात. बदलणाऱ्या गोष्टी मुख्यतः दोनच आहेत: कंडेन्सरवरून वाहणारी हवा आणि कॉम्प्रेसरची फिरण्याची गती.

कार्यपद्धती

वातानुकूलक थंडी निर्माण करत नाही. तो गाडीतील उष्णता उचलून बाहेर टाकतो. हे काम प्रशीतक या सहज उकळणाऱ्या पदार्थाकडून करून घेतले जाते. भारतातील बहुसंख्य मोटारगाड्यांत आर-१३४ए हे प्रशीतक वापरले जाते. वातावरणाच्या दाबाखाली ते सुमारे उणे २६ अंश सेल्सियसला उकळते. डॅशबोर्डमागील इव्हॅपोरेटरमध्ये त्याचा दाब मापकावर सुमारे २ बार ठेवलेला असतो. या दाबाला ते शून्य अंशाच्या आसपास उकळते आणि आतील हवेची उष्णता शोषून घेते. तेथून निघालेली वाफ इंजिनाच्या पट्ट्यावर चालणारा कॉम्प्रेसर खेचतो आणि दाबून १४-१५ बारपर्यंत नेतो. या दाबाला तिचे द्रवीभवन सुमारे ५५ अंशांना होते. रेडिएटरच्या पुढे बसवलेल्या कंडेन्सरमध्ये ही उष्णता बाहेरच्या हवेला दिली जाते, वाफेचा पुन्हा द्रव होतो आणि प्रसरण झडपेतून तो इव्हॅपोरेटरकडे परततो.

बाहेरची हवा ३० अंशांची असेल, तर ५५ अंशांच्या कंडेन्सरला उष्णता टाकण्यास २५ अंशांचा फरक मिळतो. नागपूर किंवा चंद्रपूरच्या मे महिन्यात, पारा ४५ अंशांवर असताना, तोच फरक १० अंशांवर येतो. तापलेल्या डांबरावर, पुढच्या गाडीच्या धुरामागे उभ्या असलेल्या गाडीला तर याहूनही गरम हवा मिळते. फरक कमी झाला की तेवढीच उष्णता टाकण्यासाठी अधिक हवा लागते. ती न मिळाल्यास कंडेन्सरचे तापमान आणि दाब दोन्ही चढत जातात. म्हणूनच हिवाळ्यात आणि पावसाळ्यात न जाणवलेला दोष एप्रिलमध्ये अचानक उद्भवल्यासारखा वाटतो.

धावत्या गाडीत समोरून येणारा वारा कंडेन्सरमधून आपोआप जातो. पंखा बंद असला तरी विशेष बिघडत नाही. उभ्या गाडीत सारी भिस्त पंख्यावर असते. त्याच वेळी इंजिनाच्या फेऱ्या महामार्गावरील मिनिटाला दोन-अडीच हजारांवरून ७०० ते ९०० वर उतरलेल्या असतात. ठरावीक क्षमतेच्या कॉम्प्रेसरमधून दर मिनिटाला जाणारी वाफही त्याच प्रमाणात कमी होते. निरोगी यंत्रणा हे गृहीत धरूनच आखलेली असते. झिजलेल्या यंत्रणेला मात्र ही तूट सोसत नाही.

दोन कारणे वेगळी करणे

गाडी धावू लागली की वारा आणि फेऱ्या दोन्ही एकदमच वाढतात. त्यामुळे रस्त्यावर कोणत्या गोष्टीने गारवा परतला ते कळत नाही. गाडी उभी ठेवून एका वेळी एकच गोष्ट बदलल्यास ते कळते. या दोन्ही चाचण्यांना महागडी साधने लागत नाहीत. गाडी मोकळ्या जागी, सावलीत उभी करावी, इंजिन पुरते तापू द्यावे, वातानुकूलक पूर्ण गारव्यावर आणि आतील हवा फिरवण्याच्या स्थितीत ठेवावा आणि मधल्या झरोक्यात साधा तापमापक लावावा. बंद गॅरेजमध्ये हे करू नये. धुरातील कार्बन मोनॉक्साइड प्राणघातक असतो.

हवा गरम होऊ लागली की प्रथम इंजिनाच्या फेऱ्या न वाढवता कंडेन्सरवर नळीने पाण्याची हलकी फवारणी करावी किंवा घरातील मोठा उभा पंखा समोर लावावा. एक-दोन मिनिटांत झरोक्यातील तापमान स्पष्टपणे उतरले, तर कंडेन्सरला हवा कमी पडते आहे, असे बहुतेक निश्चित होते. दुसऱ्या चाचणीत पाणी आणि बाहेरचा पंखा दोन्ही थांबवून फेऱ्या १,५०० ते २,००० पर्यंत वाढवाव्यात. एवढ्यानेच हवा गार झाली तर संशय कॉम्प्रेसर, त्याचा क्लच, पट्टा किंवा प्रशीतकाची कमतरता यांच्याकडे वळतो. फेऱ्या वाढवूनही हवा गरमच राहिली किंवा अधिक गरम झाली, तर ती लगेच कमी कराव्यात, कारण अशा वेळी कंडेन्सरमधील दाब वेगाने चढत असतो.

दुसरी चाचणी विजेवर चालणारा पंखा असलेल्या गाड्यांनाच लागू पडते. पुढून मागे असे लांबीत बसवलेले इंजिन असलेल्या अनेक जीपसदृश आणि मालवाहू वाहनांत पंखा इंजिनालाच व्हिस्कस क्लचने जोडलेला असतो. तेथे फेऱ्या वाढवल्या की वाराही वाढतो आणि निष्कर्ष फसवा निघतो. अशा वाहनांत पाण्याच्या चाचणीवरच भर द्यावा आणि व्हिस्कस क्लच वेगळा तपासावा. तापलेले इंजिन बंद केल्यावर पंखा हाताने फिरवला असता त्याला जडपणा जाणवला पाहिजे. तो मोकळा गरगर फिरल्यास क्लचमधील सिलिकॉन तेल संपलेले असण्याची शक्यता असते.

कंडेन्सरवरील हवा कमी पडण्याची कारणे

पहिला संशयित पंखा असतो. वातानुकूलक सुरू करताच अनेक गाड्यांत पंखा लगेच फिरू लागतो; काहींत दाब ठरावीक मर्यादेपर्यंत चढल्यावर फिरतो. तो मुळीच फिरत नसेल तर फ्यूज, रिले, जोडणीतील गंज आणि मोटर या क्रमाने पाहावे. खरी अडचण पंखा फिरतो पण पुरेसा फिरत नाही तेव्हा होते. मोटरचे कार्बन ब्रश झिजले किंवा बेअरिंग कोरडे पडले, की पंखा डोळ्यांना व्यवस्थित दिसतो आणि तपासणारा पुढे निघून जातो. दोन गतींच्या पंख्यात मंद गतीचा रोधक जळला, तर पंखा कमी गतीवर चालतच नाही; इंजिन फार तापल्यावर तो एकदम पूर्ण गतीने सुटतो. कागदाचा एक ताव कंडेन्सरच्या पुढे धरून पाहणे हा जुना उपाय येथे उपयोगी आहे. पंखा नीट ओढत असेल तर कागद जाळीला घट्ट चिकटून राहतो. कागद बाहेर ढकलला गेला, तर पंख्याच्या तारा उलट जोडलेल्या आहेत, असे समजावे. अपघातानंतर पुढच्या भागाची दुरुस्ती झालेल्या गाड्यांत ही चूक सापडते. अशाच दुरुस्तीत पंख्याभोवतीचे प्लास्टिकचे आवरण किंवा कडांच्या फोमच्या पट्ट्या परत बसवायच्या राहून जातात. मग पंखा इंजिनाकडचीच तापलेली हवा पुन्हा पुन्हा ओढत राहतो.

त्यानंतर येते कंडेन्सरची स्वच्छता. त्याच्या पातळ पत्र्यांत किडे, चिखल, कापसाचे तंतू, पाचटाचे कण साचतात. समोरून स्वच्छ दिसणारा कंडेन्सर निर्णायक मानू नये, कारण कचऱ्याचा जाड थर अनेकदा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामधल्या बोटभर फटीत, कोणालाही न दिसता, बसलेला असतो. इंजिन थंड असताना कमी दाबाच्या पाण्याने, शक्यतो मागून पुढे, तो धुवावा. गाडी धुण्याच्या जोरकस फवाऱ्याने पत्रे वाकतात आणि वाट आणखी बंद होते. वाकलेले पत्रे विशिष्ट फणीने सरळ करता येतात. दसऱ्याचा झेंडूचा हार दोन दिवस राहिल्याने काही बिघडत नाही. पण उंदीर येऊ नयेत म्हणून कायमची बसवलेली बारीक जाळी, जादा दिवे आणि रुंद शोभेच्या पट्ट्या हवेची वाट नक्कीच अडवतात.

हा दोष केवळ गैरसोयीचा समजून पुढे ढकलू नये. कंडेन्सरवरून हवा ओढणारा पंखा बहुतेक गाड्यांत रेडिएटरवरूनही तीच हवा ओढतो. आज आत गरम हवा येते, त्याच कारणाने पुढे घाटातल्या कोंडीत इंजिन तापते आणि सिलिंडर हेडचे गॅस्केट जाऊ शकते. हे टाळण्यासाठी अनेक आधुनिक गाड्यांचा संगणक शीतजलाचे तापमान फार वाढताच कॉम्प्रेसर स्वतःच तोडतो. म्हणून गरम हवेच्या तक्रारीबरोबर तापमानदर्शक काटा नेहमीपेक्षा वर जात असेल, तर शीतजलाची पातळी, थर्मोस्टॅट आणि पंखा यांची तपासणी गॅसच्या आधी करावी.

कॉम्प्रेसर आणि क्लच

कॉम्प्रेसरच्या आतील झडपा किंवा दट्टे झिजले, की दाबलेली वाफ आतल्या आत मागे गळते. फेऱ्या जास्त असताना ही गळती भरून निघते, आयडलिंगवर निघत नाही. अशा यंत्रणेत कमी दाबाच्या बाजूचा दाब जास्त आणि जास्त दाबाच्या बाजूचा दाब कमी, असे उलटे चित्र दिसते.

विद्युतचुंबकी क्लचचा दोष त्यामानाने स्वस्तात सुटतो, आणि तो ओळखला न गेल्यास संपूर्ण कॉम्प्रेसर विनाकारण बदलला जातो. क्लचची तबकडी आणि पुली यांच्यामध्ये बहुतेक बनावटींत ०.३ ते ०.६ मिलिमीटर अंतर असते. झिजेने ते वाढते. क्लचचे वेटोळे तापले की त्याचा विद्युतरोध वाढतो आणि चुंबक दुबळा होतो. त्यातच आयडलिंगवर अल्टरनेटर कमी वीज देत असेल आणि दिवे, आतला पंखा चालू असतील, तर तबकडी सुटते. हवा गरम होऊ लागताच बॉनेट उघडून पुलीच्या मधली तबकडी फिरते आहे का, एवढे दुरूनच पाहिले तरी निदान होते. पुष्कळ क्लचमधील पातळ चकती काढून अंतर पूर्ववत करता येते.

वातानुकूलक सुरू होताच संगणकाने आयडलिंगच्या फेऱ्या किंचित वाढवणे अपेक्षित असते. थ्रॉटलमध्ये काजळी साचल्यास हे घडत नाही, इंजिन थरथरते आणि बंद पडू नये म्हणून कॉम्प्रेसर तोडला जातो. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांत हेच काम निर्वातावर चालणारे लहान साधन करते. त्याची रबरी नळी फाटलेली असण्याचा संभव असतो.

प्रशीतकाचे प्रमाण

यंत्रणा बंदिस्त असते. प्रशीतक इंधनासारखे खर्च होत नाही. रबरी नळ्यांतून वर्षानुवर्षे होणारी अल्प झिरपण सोडली, तर ते कमी होणे म्हणजे कोठेतरी गळती असणे. गळती न शोधता दर उन्हाळ्यात गॅस भरणे म्हणजे त्याच दुरुस्तीचे पैसे हप्त्याहप्त्याने देणे होय. गळतीच्या जागी बहुधा तेलकट डाग दिसतो, कारण प्रशीतकासोबत कॉम्प्रेसरचे वंगणही बाहेर पडते.

प्रशीतक जास्त झाले तरी आयडलिंगवर गरम हवाच येते, हे कमी लोकांना ठाऊक असते. कंडेन्सरचा खालचा भाग द्रवाने भरून राहतो, वाफेला थंड होण्यास जागा उरत नाही आणि दाब चढतो. लहान गाड्यांत एकूण प्रशीतक ३०० ते ५०० ग्रॅमच्या आसपास असते; त्यामुळे अंदाजाने घातलेले १०० ग्रॅमही बरेच होतात. योग्य प्रमाण बॉनेटखालील पट्टीवर छापलेले असते. जुने प्रशीतक यंत्राने काढून घ्यावे, यंत्रणा निर्वात करावी आणि नेमके वजन करून भरावे. निर्वात न करता भरल्यास आत अडकलेली हवा द्रवरूप होत नाही आणि दाब वाढवत राहते.

बाहेर ३५ अंश असताना आर-१३४एच्या निरोगी यंत्रणेत आयडलिंगवर कमी दाबाची बाजू साधारण २ ते ३ बार आणि जास्त दाबाची १३ ते १७ बार दाखवते. दोन्ही दाब चढे असतील तर हवेचा अभाव, जादा प्रशीतक किंवा आत शिरलेली हवा. दोन्ही पडलेले असतील तर प्रशीतकाची कमतरता. आकडे बाहेरच्या तापमानानुसार बरेच हलतात, म्हणून केवळ काट्यावरून निर्णय देऊ नये.

काढलेले आर-१३४ए हवेत सोडणे अयोग्य आहे. त्याची तापमानवाढ घडवण्याची क्षमता शंभर वर्षांच्या काळात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४३० पट धरली जाते. मॉन्ट्रियल कराराच्या २०१६ मधील किगाली दुरुस्तीनुसार अशा वायूंचा वापर टप्प्याटप्प्याने घटवायचा असून भारताने २०२१ मध्ये तिला मान्यता दिली. स्वस्त पर्याय म्हणून स्वयंपाकाचा किंवा तत्सम ज्वलनशील वायू भरणे धोक्याचे आहे. इव्हॅपोरेटर गळल्यास तो थेट प्रवाशांच्या कक्षात साचतो.

दोष नसलेल्या अवस्था

उन्हात तापलेली गाडी सुरू केल्यावर पहिली काही मिनिटे गरम हवा येणे स्वाभाविक आहे. बाहेरची हवा आत घेण्याची कळ चालू राहिल्यासही कोंडीत गारवा टिकत नाही. स्टार्ट-स्टॉप सुविधेच्या गाड्यांत सिग्नलला इंजिनच बंद होते, कॉम्प्रेसर थांबतो आणि फक्त आतला पंखा चालू राहतो. सुविधेची कळ बंद करून पाहिल्यास शंका मिटते. गाडी वेगात असतानाही हवा गरमच येत असेल, तर ती वेगळी तक्रार आहे. तेथे गरम-गार हवा मिसळणारे दार, पूर्ण रिकामी झालेली यंत्रणा किंवा अजिबात न जोडला जाणारा क्लच यांचा विचार करावा.

विजेवर चालणाऱ्या आणि अनेक हायब्रीड गाड्यांत कॉम्प्रेसरला स्वतःची मोटर असते. इंजिनाच्या फेऱ्यांशी त्याचा संबंध नसल्याने अशा गाडीत उभे असताना गारवा गेल्यास प्रथम कंडेन्सरच्या हवेकडे पाहावे. या कॉम्प्रेसरना जाणाऱ्या केशरी रंगाच्या तारांमध्ये प्राणघातक विद्युतदाब असतो, म्हणून त्यांचे काम प्रशिक्षित तंत्रज्ञाकडेच सोपवावे. पट्ट्यावर चालणाऱ्या कॉम्प्रेसरमधील नेहमीचे पीएजी तेलही त्यांत चालत नाही; त्याने मोटरचे विद्युतरोधन कमी होते.