निशाण उतरवताना

फुटबॉलमध्ये एकाच क्लबची जर्सी घालून दोन-अडीच दशके खेळलेल्या खेळाडूसाठी इटालियन भाषेत ‘बांदिएरा’ हा शब्द वापरला जातो. त्याचा शब्दशः अर्थ झेंडा, आणि फौजेच्या पुढे निशाण चालावे तसा हा खेळाडू क्लबची ओळख घेऊन चालतो, असा त्यामागील भाव आहे. अशा खेळाडूला समर्थक जो निरोप देतात तो वरवर पाहता भावनेचा उमाळा वाटतो. परंतु बारकाईने पाहिल्यास त्यात पूर्वतयारी, कामाची वाटणी, ठरलेला क्रम आणि अलिखित निकष असलेली एक रीत आढळते. आपल्याकडच्या सेवानिवृत्तीच्या समारंभात शाल-श्रीफळ देण्याचा अधिकार संस्थेचा असतो. फुटबॉलच्या निरोपात मात्र क्लबने दिलेले मानचिन्ह गौण ठरते आणि निर्णय गॅलरीच्या हाती असतो. हा निर्णय कशावरून होतो, ते 28 मे 2017 रोजी रोममध्ये रोमा क्लबचा कर्णधार फ्रांचेस्को टोटी याला दिलेल्या निरोपावरून, आणि त्याच्याशी ताडून पाहता येणाऱ्या आणखी दोन प्रसंगांवरून, समजून घेता येते.

खेळाडूची निष्ठा हा गुण मानला जाऊ लागला त्याला कायद्याचा एक संदर्भ आहे. 15 डिसेंबर 1995 रोजी युरोपीय न्यायालयाने बॉसमन खटल्यात निकाल देईपर्यंत करार संपलेल्या खेळाडूलाही दुसऱ्या क्लबने मोबदला मोजल्याशिवाय सहजासहजी जाता येत नसे, त्यामुळे एका जागी राहणे ही पुष्कळदा निवड नसून अडवणूक असे. निकालानंतर करार संपताच खेळाडू मोकळा होऊ लागला, बाजार खुला झाला, आणि जो राहिला तो स्वतःच्या मर्जीने राहिला असे म्हणता येऊ लागले. टोटीचे पदार्पण या निकालाच्या आधीचे, म्हणजे 28 मार्च 1993 चे. त्या दिवशी ब्रेशाविरुद्ध मैदानात उतरला तेव्हा तो सोळा वर्षांचा होता. त्यानंतरच्या 25 मोसमांत तो रोमासाठी 786 सामने खेळला आणि त्याने 307 गोल केले. या साऱ्या काळात रोमाने देशाचे विजेतेपद मिळवले ते एकदाच, 2001 मध्ये. अधिक श्रीमंत आणि अधिक जिंकणाऱ्या क्लबांकडे जाण्याची वाट त्याला उघडी होती, हे रोमाच्या प्रत्येक समर्थकाला ठाऊक होते. त्याने न जिंकलेले चषक म्हणूनच समर्थकांच्या हिशेबात जमेच्या बाजूला मांडले गेले.

निरोपाचे काम जिथे घडते त्या जागेला ‘कुर्वा’ म्हणतात. स्टेडियमच्या गोलमागील वळणदार टोकाला असलेला, तुलनेने स्वस्त तिकिटांचा आणि सर्वांत कडव्या समर्थकांचा हा भाग. रोमाचे समर्थक ओलिम्पिको स्टेडियमच्या दक्षिण टोकाला, म्हणजे ‘कुर्वा सूद’मध्ये जमतात, तर त्याच मैदानावर खेळणाऱ्या लाझियोचे समर्थक उत्तर टोकाला. संपूर्ण गॅलरीने मिळून उभ्या केलेल्या भव्य चित्राला ‘कोरिओग्राफिया’ असे नाव आहे, आणि त्यामागचे श्रम प्रेक्षकाला कधीच दिसत नाहीत. आधी वर्गणी गोळा होते. मग बसण्याच्या जागांचा नकाशा चौकटीच्या कागदावर उतरवून कोणत्या ओळीत कोणता रंग यायचा ते ठरते. एखाद्या मोठ्या मोकळ्या जागेत कापडाचे पट्टे शिवले आणि रंगवले जातात. सामन्याआधी प्रत्येक आसनावर रंगीत कागद ठेवला जातो. तो कागद नेमक्या क्षणी उचलणाऱ्या माणसाला स्वतःला चित्र दिसत नाही, कारण तो त्या चित्रातला एक ठिपका असतो. हे चित्र जेमतेम मिनिटभर टिकते. शिवाय 2007 मध्ये कातानिया येथील दंगलीत एका पोलीस अधिकाऱ्याचा मृत्यू झाल्यानंतर इटलीत फलक आणि कोरिओग्राफिया यांना आगाऊ परवानगी लागू लागली, त्यामुळे उत्स्फूर्त वाटणाऱ्या दृश्यामागे अर्ज आणि मंजुरीही आली.

टोटीच्या बाबतीत या जागेचा आणखी एक पदर लक्षात घ्यावा लागतो. 2015 मध्ये सुरक्षेच्या कारणास्तव कुर्वा सूदची मधोमध विभागणी करणारे अडथळे उभारण्यात आले होते, आणि त्याच्या निषेधार्थ समर्थकांच्या गटांनी दीर्घकाळ बहिष्कार पुकारला होता. म्हणजे कर्णधाराच्या अखेरच्या दोन मोसमांपैकी बराच काळ त्याचे सर्वांत जवळचे प्रेक्षक गैरहजर होते. हे अडथळे 2017 च्या वसंतात हटले. निरोपाच्या दिवशी भरलेली कुर्वा ही त्या अर्थाने परतून आलेल्यांची होती.

त्या दिवशीचा जेनोआविरुद्धचा सामना नुसता सोपस्कार नव्हता. रोमाला दुसरे स्थान, आणि त्यासोबत चॅम्पियन्स लीगमधील थेट प्रवेश, राखायचा होता. अखेरच्या तक्त्यात रोमाचे 87 आणि नापोलीचे 86 गुण झाले, यावरून अंतर किती कमी होते ते कळते. सामन्याच्या सुरुवातीलाच जेनोआच्या पिएत्रो पेलेग्री याने गोल केला. टोटीने पदार्पण केले त्याच वयाचा, सोळा वर्षांचा हा मुलगा जन्मला होता 2001 मध्ये, रोमाच्या विजेतेपदाच्या वर्षी. चौपन्नाव्या मिनिटाला मोहम्मद सलाहच्या जागी टोटी मैदानात आला, आणि तिथून पुढे प्रेक्षकांचे लक्ष दोन ठिकाणी वाटले गेले: निकालाकडे, आणि त्याच्या प्रत्येक स्पर्शाकडे. नव्वदाव्या मिनिटाला दिएगो पेरोत्तीने गोल करून सामना 3-2 असा जिंकून दिला, तेव्हाच खेळाचे ओझे उतरले आणि निरोपाला जागा मोकळी झाली.

त्यानंतरच्या विधीला ‘जिरो दी काम्पो’, म्हणजे मैदानाची प्रदक्षिणा, म्हणतात. पत्नी आणि तीन मुलांसह टोटी कडेकडेने चालत गेला, कुर्वासमोर थांबला, मग मध्यभागी उभा राहून त्याने पत्र वाचले. त्यात त्याने भीती कबूल केली; ही भीती पेनल्टी घेताना वाटते तशी नाही, असे सांगून या वेळी आपल्यालाच लोकांच्या आधाराची गरज आहे, असे तो म्हणाला. पाव शतक ज्याच्याकडून गॅलरी मागत आली होती, त्याने गॅलरीकडे मागण्याची ही वेळ होती. दंडावरचा कर्णधाराचा पट्टा त्याने क्लबच्या बालगटातील एका छोट्या कर्णधाराला बांधला आणि निरोपाचे शब्द लिहिलेला चेंडू कुर्वा सूदकडे मारला. दोन्ही कृतींचा रोख एकच होता: वस्तू क्लबच्या कपाटात न ठेवता पुढच्यांच्या आणि समोरच्यांच्या हाती द्यायची.

त्याच दिवशी त्याच गॅलरीने प्रशिक्षक लुचानो स्पालेत्ती याला शिट्ट्या वाजवल्या. महाराष्ट्रातील थिएटरात शिट्टी ही दाद असते. इटलीच्या स्टेडियमात मात्र ती नापसंतीची सर्वांत बोचरी खूण आहे. टोटीला अखेरच्या मोसमात फार कमी खेळवल्याचा राग त्या शिट्ट्यांमध्ये होता, आणि निरोप देणारी गॅलरी न्यायनिवाडाही करते हे त्यांतून दिसले.

या न्यायनिवाड्याचे सर्वांत कठोर उदाहरण म्हणजे मिलानचा पाओलो मालदिनी. 902 सामने, पाच युरोपियन चषक, सात देशांतर्गत विजेतेपदे आणि त्याच क्लबचा कर्णधार राहिलेले वडील, इतकी पुण्याई असूनही 24 मे 2009 रोजी सान सिरो स्टेडियमवरील त्याच्या अखेरच्या सामन्यात मिलानच्या कुर्वाने शिट्ट्या वाजवल्या आणि पूर्वीचा कर्णधार फ्रांको बारेसी याची 6 क्रमांकाची अवाढव्य जर्सी फडकवून कर्णधार एकच, तो म्हणजे बारेसी, असे सुनावले. मालदिनीने पूर्वी संघटित समर्थकांना खडे बोल ऐकवले होते आणि त्यांच्याशी सलगी कधी ठेवली नव्हती, हे त्यामागचे कारण. उरलेले स्टेडियम टाळ्या वाजवत होते. तरीही लक्षात राहिल्या त्या शिट्ट्या. पुढच्या रविवारी फ्लोरेन्समध्ये, त्याच्या कारकिर्दीच्या शेवटच्या सामन्यात, प्रतिस्पर्धी फिओरेन्तिनाच्या समर्थकांनी त्याला उभे राहून मानवंदना दिली. मे 2017 मध्ये मात्र सान सिरोच्या त्याच कुर्वाने पाहुण्या संघाच्या टोटीसाठी आदराचा फलक उभारला, आणि लाझियोच्या कडव्या समर्थकांनीही आजन्म वैरी म्हणून त्याला सलाम करणारा फलक लावला. शत्रूला मान देणे सोपे असते, कारण त्याच्याशी घरचा हिशेब नसतो.

युव्हेंटसच्या आलेस्सांद्रो देल पिएरोचे उदाहरण या दोहोंच्या मधले आहे. तो क्लबच्या तुरिन शहराचा भूमिपुत्र नव्हता. पण 2006 मध्ये युव्हेंटसला शिक्षा म्हणून दुसऱ्या श्रेणीत ढकलले गेले तेव्हा विश्वविजेता असूनही तो क्लबसोबत खाली उतरला. 13 मे 2012 रोजी आतालांताविरुद्ध गोल करून तो सत्तावन्नाव्या मिनिटाला बाहेर पडला आणि सामना चालू असतानाच मैदानाभोवती फिरला. गॅलरीतून त्याच्यावर मफलरांचा वर्षाव होत होता आणि मैदानावरच्या खेळाकडे कोणाचे लक्ष नव्हते. पाऊल खालच्या पायरीवर असताना जो सोबत राहिला, त्याची नोंद समर्थकांनी वेगळ्या वहीत ठेवली होती.

तिन्ही प्रसंग एकत्र ठेवले असता निष्कर्ष स्पष्ट होतो. निरोपाची मोजणी चषकांनी होत नाही, तशी ती केवळ वर्षांनीही होत नाही, कारण मालदिनी आणि टोटी दोघांचीही वर्षे सारखीच, पंचवीस. गॅलरी मोजते ते हे की, खेळाडूने आपल्या आयुष्याचा कोणता भाग तिच्यासोबत खर्च केला आणि तिला बरोबरीचे मानले की नाही. हे माप नेहमी न्याय्य असतेच असे नाही. मालदिनीच्या बाबतीत ते उघडपणे अन्याय्य होते. पण ते क्लबच्या कार्यालयात ठरत नाही, आणि म्हणूनच त्याला किंमत आहे.

दोन वर्षांनी, 26 मे 2019 रोजी, कुर्वा सूदने दानिएले दे रोस्सी या दुसऱ्या रोमन कर्णधाराला निरोप दिला, कारण क्लबने त्याचा करार वाढवला नव्हता. त्या दिवशी टोटी क्लबचा पदाधिकारी म्हणून मैदानावर हजर होता. 17 जून 2019 रोजी, 2001 च्या विजेतेपदाच्या वर्धापनदिनी, टोटीनेही आपले पद सोडले. त्या निरोपाला गॅलरी नव्हती. समोर होते ते पत्रकार.