एका वितीचं अंतर

लहानपणी पंढरपूरला जाताना कुर्डुवाडीला गाडी बदलावी लागे. पुण्याहून मोठ्या गाडीनं यायचं, उतरायचं आणि बार्शी लाइटच्या छोट्या गाडीत जाऊन बसायचं. आजीची वळकटी, फिरकीचा तांब्या, दशम्यांचं गाठोडं, सगळं खाली आणि सगळं पुन्हा वर. रुळांची रुंदी बदलली की माणसानं सामान उचलायचं, ही रेल्वेबद्दल मला कळलेली पहिली गोष्ट. म्हणूनच माद्रिदहून कादिसला जायचं ठरलं तेव्हा मी मुद्दाम ती गाडी निवडली, जी वाटेत स्वतःची चाकं सरकवते आणि प्रवाशाला जागचं हलू देत नाही. साडेचार तासांच्या आसपासचा प्रवास. त्या दिवशी दुसरं काहीच ठरवलं नव्हतं.

अतोचा स्थानकाच्या जुन्या लोखंडी मांडवाखाली १९९२ मध्ये झाडांची बाग केली आणि गाड्या शेजारच्या नव्या इमारतीत गेल्या. सामान यंत्रातून तपासून घेतलं. फलाटाचा आकडा गाडी सुटायच्या थोडा आधी फळ्यावर उमटला, तशी माणसं शांतपणे उठून रांगेला लागली. आमच्या गाडीचं नाक चपटं, बदकाच्या चोचीसारखं. तिकडचे रेल्वेवेडे तिला ‘पातितो’ म्हणतात, म्हणजे बदकाचं पिल्लू.

मी आधी डब्यांच्या मधली फट बघितली. ही ताल्गोची गाडी. १९४२ मध्ये अलेहांद्रो गोइकोएचेआ या अभियंत्यानं होसे लुइस ओरिओलच्या पैशाच्या बळावर हा प्रकार उभा केला. डबे बुटके, तेरा मीटरचे, आणि चाकं डब्याच्या पोटाखाली नसून दोन डब्यांच्या मध्ये. शिवाय डावं नि उजवं चाक एका आसावर जखडलेलं नसतं. प्रत्येक चाक आपापलं फिरतं. पुढची सगळी करामत या मोकळ्या चाकांवर उभी आहे.

गाडी सुटली. ला मांचाचं पठार अडीचशेच्या वेगानं मागे पळत होतं आणि त्या वेगात नजरेला धरायला काही सापडत नव्हतं. सिएर्रा मोरेनाच्या अलीकडे मात्र विरळ ओकची कुरणं लागली. अंतराअंतरावर एकेक झाड, खाली गवत, सावलीला गुरं. मग बोगदे, आणि बोगद्यांपलीकडे कोर्दोबा. मी कॅफेटेरियाच्या डब्यात उभी राहून दुधाची कॉफी घेतली, बटाट्याच्या तोर्तियाचा तुकडा खाल्ला आणि सेव्हिल जवळ येण्याआधीच जागेवर परतले.

स्पेननं आपले रूळ रुंद का ठेवले, याचं उत्तर १८४४ च्या एका सरकारी अहवालात आहे. डोंगराळ देशात इंजिन ताकदीचं हवं, त्याला मोठा बॉयलर हवा, म्हणून सहा कास्टिलियन फूट रुंदी धरावी, असं त्यांच्या अभियंत्यांनी सुचवलं. आज हे रूळ १६६८ मिलिमीटरचे आहेत. फ्रान्सचे १४३५. मग सरहद्दीवर, इरूनला आणि पोर्तबोउला, पिढ्यान्‌पिढ्या लोक गाठोडी उचलून गाडी बदलत राहिले. १९६९ मध्ये बार्सिलोना–जिनिव्हा ताल्गो चाकं सरकवत ती सरहद्द ओलांडू लागली. पुढे १९९२ मध्ये माद्रिद–सेव्हिल हा वेगवान मार्ग सुरू झाला तो युरोपच्या १४३५ च्या मापानं. म्हणजे सरहद्दीवरचा प्रश्न आता देशाच्या आत आला. दोन मापांतला फरक २३३ मिलिमीटर. माझ्या हाताची एक वीत.

सेव्हिलच्या उत्तरेला माहाराबिके इथे गाडीचा वेग उतरत गेला. पलीकडच्या आसनावरच्या आजोबांनी वर्तमानपत्र दुमडलं आणि मी खिडकीला नाक लावलेलं पाहून म्हणाले, ‘‘एल कांबियादोर.’’ बदलणारा. गाडी आता माणूस सायकल चालवेल तेवढ्या गतीनं एका लांबट छपराखाली शिरली. खिडकीतून दिसतं ते फार थोडं. जे घडतं ते खाली. दोन्ही बाजूंना पाण्यानं ओल्या ठेवलेल्या सरकपट्ट्या असतात. डब्याचा भार आधी त्यांच्यावर टेकतो, म्हणजे चाकं अधांतरी, भारमुक्त. मग त्यांच्या कड्या सुटतात, तिरप्या पट्ट्या प्रत्येक चाकाला अर्धी वीत बाहेर ढकलतात, कड्या पुन्हा बसतात आणि भार हलकेच चाकांवर परत येतो. तारेतली वीजही बदलते, २५ हजार व्होल्टवरून ३ हजारावर. डब्यातल्या हवेच्या यंत्राची घरघर क्षणभर थांबली आणि त्या शांततेत खालचा आवाज ऐकू आला: जाड लोखंडाची लांबलचक कुरकुर, एकेक डबा करत पुढून येणारी आणि मागे जाणारी. मिनिटभरात संपलं. अडीचशेचा वेग मी त्या दिवशी विसरले. हे मिनिट नाही. समोर एक बाई शांत झोपली होती, तिच्या मांडीवरचं पुस्तकसुद्धा घसरलं नाही.

आजी आठवली. डोक्यावर वळकटी, हातात माझं मनगट.

सेव्हिलनंतर गाडी जुन्या रुळांवरून निवांत झाली. जेरेझच्या आसपास माती पांढुरकी, चुनखडीची. हिवाळ्यातला पाऊस ती पोटात धरून ठेवते आणि कोरड्या उन्हाळ्यात द्राक्षवेलींना पुरवते. इथल्या वाइनची पिंपं बंदरावर न्यायला जेरेझ–एल पुएर्तो हा रेल्वेमार्ग १८५४ मध्ये सुरू झाला, आपल्या बोरीबंदर–ठाण्यानंतर वर्षभरानं.

सान फेर्नान्दोला मिठागरं लागली. बांध घातलेली चौकोनी तळी, त्यात आकाश. वडाळ्या-भांडुपकडची मिठागरं पाहिलेल्या माणसाला ही ओळखायला वेळ लागत नाही. पुढे जमीन इतकी निमुळती होते की एका अंगाला उपसागर नि दुसऱ्या अंगाला अटलांटिक. कादिस शहरात शिरताना गाडी जमिनीखाली जाते आणि वर येते ती थेट बंदराशेजारच्या शेवटच्या स्थानकात. पुढे रूळ नाहीत.

सगळे उतरून गेल्यावर मी फलाटाच्या कडेला वाकले. दोन डब्यांच्या मध्ये चाक नव्या जागी, रुंद रुळावर बसलं होतं. स्पेनच्या आणि आपल्या मोठ्या रुळांत फरक फक्त आठ मिलिमीटरचा. आपले १६७६ चे. सप्टेंबर २०१६ मध्ये असेच ताल्गोचे डबे चाचणीत दिल्लीहून मुंबईपर्यंत बारा तासांच्या आत धावले होते. रुळांमधली ती रुंदी मला परकी वाटेना. कुर्डुवाडीला आम्ही जी सोडून छोट्या गाडीकडे पळायचो, तीच ही, जवळजवळ तेवढीच. बॅग खांद्याला लावली आणि समुद्राच्या वासाकडे चालू लागले.