मेदाच्या पिशवींतील औषध

मोसंबीची फोड सोलून पाहिली असतां आंत रसानें भरलेल्या बारीक पिशव्या दिसतात. वरचा पापुद्रा फुटेपर्यंत रस बाहेर येत नाहीं. विद्यार्थिमित्रहो, आपल्या जालन्याच्या मोसंबींतील ही रचना ध्यानांत ठेवा. औषधशास्त्रांतील एक महत्त्वाचा शोध तिच्यावरून सहज समजेल.

सोयाबीन व अंड्याचा बलक यांत लेसिथिन नांवाचा स्निग्ध पदार्थ असतो. त्याच्या प्रत्येक रेणूचें एक टोंक पाण्याकडे ओढ घेतें व दुसरें पाण्यापासून दूर पळतें. म्हणून लेसिथिन पाण्यांत पडलें म्हणजे हे रेणू आपोआप दुपदरी रांगा धरून सूक्ष्म पोकळ गोळे बनवितात. केंब्रिजजवळील बाब्रहॅम येथील आलेक बँगहम यांनीं हें संशोधन १९६४ सालीं प्रसिद्ध केलें. या गोळ्यांस लायपोसोम म्हणतात. त्यांच्या पोटांत अगर पापुद्र्यांत औषध भरतां येतें.

याचा उपयोग काय? अँफोटेरिसिन हें बुरशीवरील औषध मूत्रपिंडांस अपाय करितें. परंतु लायपोसोममध्यें भरून दिल्यास तो अपाय पुष्कळ कमी होतो. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत डॉ. नीलिमा क्षीरसागर यांनीं या औषधावर संशोधन केलें. २०२१ सालीं करोनाच्या पाठोपाठ काळ्या बुरशीचा रोग महाराष्ट्रांत पसरला, तेव्हां याच औषधाची मोठी टंचाई पडली होती.

मग अर्धांगवायूवर हा उपाय कां चालूं नये? मेंदूची मोठी रक्तवाहिनी गुठळीनें बंद झाली कीं, दर मिनिटास सुमारें १९ लक्ष मज्जापेशी मरतात असा अंदाज आहे. मेंदूंतील रक्तवाहिन्यांच्या भिंती इतक्या घट्ट असतात कीं, बहुतेक औषधें त्यांच्या पलीकडे जात नाहींत. झटक्यानंतर मात्र इजा झालेल्या जागीं त्या सैल होतात व तेथून लायपोसोम आंत झिरपूं शकतात. जपानांतील शिझुओका विद्यापीठांत उंदरांवर केलेल्या प्रयोगांत अशा रीतीनें दिलेल्या औषधांनीं मेंदूची हानि कमी झाली. मनुष्यावरील उपचारांत ही पद्धति अद्याप रूढ झालेली नाहीं.

आज हातीं आहे तें गुठळी विरघळविणारें इंजेक्शन. तें सामान्यतः झटक्यापासून साडेचार तासांच्या आंत द्यावें लागतें. आणि त्यापूर्वीं मेंदूंत रक्तस्राव नाहीं, याची स्कॅन करून खात्री करावी लागते. खेड्यांतून मोठें रुग्णालय गांठण्यांतच यांतील बराच वेळ निघून जातो. म्हणून पालकांस विनंति आहे कीं, तोंड वांकडें होणें, हात लुळा पडणें, बोलणें अडखळणें यांपैकीं एकही लक्षण एकाएकीं दिसल्यास मालिश करीत अथवा सकाळची वाट पाहत बसूं नये. लक्षण दिसल्याची वेळ टिपून घ्यावी, रोग्यास कांहीं खाऊं-पिऊं घालूं नये, व तत्काळ १०८ क्रमांकास कळवावें. औषध कितीही उत्तम असो, रोगी वेळेवर पोहोंचला तरच तें त्याच्यापर्यंत पोहोंचतें.