एकदंत, तीनमजली आणि इंग्रजी विशेषणे

रात्रशाळेत किंवा घरी बसून इंग्रजी शिकणाऱ्यांना जोडविशेषणे फार छळतात. 'थ्री-स्टोरी बिल्डिंग' म्हणताना मजले तीन, मग 'स्टोरीज' का नाही? 'वन-आइड'मधला 'इड' कोणता भूतकाळ दाखवतो? प्रश्न रास्त आहेत, आणि उत्तरे तुमच्याआमच्या बोलण्यातच आहेत.

परळच्या भोईवाड्याचेच पाहा ना. भोयांचा वाडा तो भोईवाडा. शब्द जोडताना मधला 'चा' गळाला. आणि तिथली चाळ तीनमजली. 'तीन मजले चाळ' असे आपण कधी म्हणतो का? इंग्रजीतही संख्या आणि माप जोडून नामाच्या आधी आले, की माप एकवचनी राहते. १९४८ च्या कारखाना कायद्यात प्रौढ कामगारासाठी आठवड्याला ४८ तासांची मर्यादा होती. असा आठवडा म्हणजे 'फॉर्टी-एट-अवर वीक', 'अवर्स' नव्हे. मात्र 'ही वर्क्स फॉर्टी-एट अवर्स' म्हटले, की अनेकवचन परत आले.

'इड'ची गंमत गणपतीच्या नावांत आहे. लंबोदर म्हणजे नुसते मोठे पोट नव्हे. तसे पोट ज्याचे आहे तो. हा बहुव्रीही समास. 'ज्याचे आहे तो' हे इंग्रजीत 'इड' सांगतो. एकदंत तो 'वन-टस्क्ड', गजानन तो 'एलिफंट-फेस्ड', लंबोदर तो 'बिग-बेलिड'. भूतकाळाचा इथे काही संबंध नाही. पाश्चात्त्य भाषाशास्त्रज्ञांनीही अशा समासांसाठी 'बहुव्रीही' हाच शब्द आपल्याकडून उचलला आहे! 'मिल-मेड क्लॉथ'चा विग्रह मात्र वेगळा, गिरणीत तयार झालेले कापड. तो तत्पुरुष.

आता ती मधली आडवी रेघ, म्हणजे संयोगचिन्ह. रेडिओवर ती ऐकू येत नाही, म्हणून छापील पानावर थोडे सविस्तर सांगतो. समजा, एखाद्या इस्पितळात परिचारिकांच्या पाळ्यांचा तक्ता लागला. 'ट्वेंटी-फोर-अवर शिफ्ट्स' लिहिले, तर प्रत्येक पाळी चोवीस तासांची. 'ट्वेंटी फोर-अवर शिफ्ट्स' लिहिले, तर पाळ्या वीस आणि प्रत्येक चार तासांची. एका रेघेने बिचारीला दिवसभर आणि रात्रभर उभे केले!

हेच विशेषण नामानंतर आले, तर रेघ बहुधा लागत नाही: 'अ वेल-नोन सिंगर', पण 'द सिंगर इज वेल नोन'. 'न्यूली पेंटेड वॉल'मध्ये तर नामाआधीही नको. 'न्यूली'तला 'ली'च पुढच्या शब्दाकडे बोट दाखवतो.