गृहपाठाची परीक्षा

नोकरीसाठी घेतल्या जाणाऱ्या कोणत्याही परीक्षेला दोन प्रश्न विचारावे लागतात. ज्या कामासाठी माणूस हवा आहे, त्या कामाचीच कसोटी ती घेते काय? आणि त्या कसोटीला बसण्याची संधी सर्वांना सारखी मिळते काय? पहिल्याचे उत्तर होकारार्थी आले म्हणजे दुसऱ्याचेही आपोआप तसेच येते, असा पुष्कळांचा समज असतो. परंतु तो खरा नव्हे.

संगणकाचे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांची निवड करताना कंपन्या उमेदवाराला अनेकदा एक गृहपाठ देतात. उदाहरणार्थ, ग्रंथालयातील पुस्तकांच्या देवघेवीची नोंद ठेवणारा लहानसा प्रोग्रॅम चार दिवसांत लिहून पाठवा, असे सांगतात. याउलट दुसऱ्या पद्धतीत उमेदवाराला फळ्यासमोर उभे करून, परीक्षकाच्या डोळ्यांदेखत कोडे सोडवावयास लावतात. २०२० साली अमेरिकेतील संशोधकांनी ४८ जणांवर एक प्रयोग केला. एकांतात सोडवणाऱ्यांच्या मानाने परीक्षकासमोर सोडवणाऱ्यांची कामगिरी निम्म्याहून खाली आली. प्रत्यक्ष नोकरीत फळ्यासमोर उभे राहून कोणी प्रोग्रॅम लिहीत नाही. तेव्हा पहिल्या प्रश्नापुरता गृहपाठ सरस ठरतो, हे मान्य केलेच पाहिजे.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र इतके सोपे नाही. मुलाखतीत उमेदवाराचा एक तास जातो, तसा परीक्षकाचाही जातो. म्हणून कंपनी विचार करूनच माणसे बोलावते. गृहपाठ शंभर जणांना धाडण्यास तिला काहीच खर्च येत नाही. दोन तासांचे काम म्हणून सांगितले जाते. पण ज्याच्यापाशी सवड आहे तो त्यावर पंधरा तास घालवतो आणि अर्थातच अधिक नेटके काम पाठवतो. दिवसभर दुसरीकडे नोकरी करणारा, तान्ह्या मुलाची आई, घरी आजाऱ्याची शुश्रूषा करणारी मुलगी, यांनी एवढे तास आणावेत कोठून? अशा वेळी मोजली जाते ती गुणवत्ता की सवड, हे सांगणे कठीण होते.

सरकारी सेवेत वावरणाऱ्या माझ्यासारख्याला येथे एक जुना दाखला आठवल्यावाचून राहत नाही. सनदी सेवेसाठी १८५५ पासून खुली स्पर्धा परीक्षा सुरू झाली. परीक्षा सर्वांना एकच. परंतु ती होत असे लंडनमध्ये. १८६३ साली सत्येंद्रनाथ टागोर ती उत्तीर्ण होणारे पहिले भारतीय ठरले आणि पुढे मुंबई इलाख्यात त्यांनी सेवा केली. हिंदुस्थानातही ही परीक्षा होऊ लागली ती १९२२ साली. मधल्या काळात समुद्रप्रवासाचा खर्च ज्यांना झेपला नाही, अशा किती बुद्धिमान तरुणांची उत्तरपत्रिका लिहिलीच गेली नाही, याची नोंद कोणत्याही दप्तरात सापडणार नाही. गृहपाठ न पाठवणाऱ्या उमेदवाराचेही तसेच आहे. तो नापास झालेला नसतो. तो परीक्षेपर्यंत पोचलेलाच नसतो.

त्यातच नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी लोकांच्या हाती आले. अशी साधने असा गृहपाठ काही क्षणांत लिहून देऊ लागल्यावर, आलेले काम कोणाचे, हीच शंका उभी राहिली आणि पहिल्या प्रश्नाचे उत्तरही डळमळले.

मग ही पद्धत टाकूनच द्यावी काय? मला तसे वाटत नाही. प्रारंभीची छाननी कंपनीने स्वतः करावी आणि अखेरच्या चार-पाच उमेदवारांनाच गृहपाठ द्यावा. काम खरोखर दोन तासांत होण्याजोगे असावे. ते अधिक असेल, तर त्याचा मोबदला द्यावा. गुण कशाला मिळणार, हे आधी लेखी कळवावे. शेवटी उमेदवारासमवेत अर्धा तास बसून, ही रचना अशीच का केली, एखादी गरज बदलली तर काय बदलाल, हे शांतपणे विचारावे. ज्याने काम स्वतः समजून केले आहे त्याला ही चर्चा जड जात नाही; आणि नाकारायचे झाले, तरी त्याची कारणे त्याला तेथेच सांगता येतात. उमेदवाराने आपल्या संध्याकाळी खर्ची घातल्यावर कंपनीने निदान आपला अर्धा तास द्यावा, ही अपेक्षा मोठी खचित नाही.