क्लेम करावा की खिशातून भरावे?

दिवाळीच्या सुट्टीत मी जयपूरला मामांकडे गेलो होतो. मामा शास्त्री नगरात, सायन्स पार्कजवळ राहतात. एका संध्याकाळी ते गाडी मागे घेत होते आणि मी मागे उभा राहून हात हलवत ‘येऊ द्या, येऊ द्या’ म्हणत होतो. परेडची सवय असल्यामुळे रुबाब मोठा होता, पण फाटकाजवळचा बुटका दगडी खांब काही मला दिसला नाही. कर्रर्र आवाज झाला आणि मागचा बंपर एका बाजूने फाटला.

गॅरेजवाल्याने ६,५०० रुपये खर्च सांगितला : नवा बंपर ३,६००, रंगकाम २,००० आणि मजुरी ९००. चूक माझी असल्यामुळे मी लगेच म्हणालो, “मामा, विमा आहे ना? मग क्लेम करू या.” मामांनी कपाटातून पॉलिसी काढून माझ्या हातात दिली. “आधी हिशेब कर, मग बोल.”

मित्रांनो, गाडीच्या विम्याचे दोन भाग असतात. दुसऱ्याचे नुकसान भरून देणारा ‘थर्ड पार्टी’ विमा मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार सक्तीचा आहे. आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग ऐच्छिक असतो. वर्षभर क्लेम केला नाही, तर या ऐच्छिक भागाच्या हप्त्यावर सूट मिळते. तिला ‘नो क्लेम बोनस’ म्हणतात. पहिल्या वर्षानंतर ती २० टक्के असते, मग २५, ३५, ४५ आणि पाचव्या वर्षानंतर ५० टक्के. क्लेम केला की सूट शून्यावर येते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

आता आमचा हिशेब पाहा. कंपनी पूर्ण ६,५०० रुपये देत नाही. प्लॅस्टिकच्या भागांची झीज म्हणून निम्मी किंमत कापतात, म्हणजे बंपरचे १,८०० गेले. रंगाच्या साहित्याचे २५० गेले. शिवाय १,५०० सीसीपर्यंतच्या गाडीला प्रत्येक क्लेममागे पहिले १,००० रुपये मालकानेच भरायचे असतात. हातात राहिले ३,४५०. (‘झिरो डेप’चे जादा संरक्षण घेतले असेल तर झीज कापत नाहीत. मामांनी ते घेतले नव्हते.)

दुसऱ्या बाजूला, सूट धरण्यापूर्वी मामांचा या भागाचा हप्ता ८,००० रुपये आहे. पुढच्या वर्षी त्यांना ५० टक्के सूट मिळणार होती. हप्ता तेवढाच राहील असे धरले, तर क्लेम केल्यावर पुढच्या पाच वर्षांत अनुक्रमे ४,०००, २,४००, २,०००, १,२०० आणि ४०० रुपये जास्त भरावे लागले असते. एकूण १०,०००! साडेतीन हजारांसाठी दहा हजार घालवायचे?

गॅरेजवाल्याने एक तोड सुचवली : “पुढच्या दारावरचा जुना ओरखडाही यातच दाखवतो, मग क्लेम परवडेल.” मामा शांतपणे म्हणाले, “तो ओरखडा कधीचा आहे ते मला माहीत आहे. फॉर्मवर सही माझी असते.” शाळेत खरे बोलण्याबद्दल आम्ही पुष्कळ ऐकतो. त्या दिवशी ते मी डोळ्यांनी पाहिले.

शेवटी मामांनी पैसे खिशातून भरले. मी माझ्या भाऊबीजेचे पैसे पुढे केले, तेव्हा ते हसून म्हणाले, “ते ठेव. पुढच्या वेळी आधी खांब बघ, मग हात हलव.”

मात्र नुकसान मोठे असेल किंवा गाडी चोरीला गेली असेल, तर क्लेम जरूर करावा. विमा त्यासाठीच असतो. अशा वेळी कंपनीला लगेच कळवावे आणि सर्व्हेअरने पाहण्याआधी दुरुस्ती करू नये. आणि कुणाला इजा झाली असेल, तर बोनसचा हिशेब मांडत बसू नये. आधी जखमीला दवाखान्यात न्यावे, मग पोलिसांना आणि कंपनीला कळवावे.

तुमच्या घरची पॉलिसीही या सुट्टीत एकदा वाचून पाहा. गणिताच्या पुस्तकातल्या टक्केवारीपेक्षा ही टक्केवारी मला लवकर समजली!

— एक कॅडेट, इयत्ता दहावी