चुंबकाने गारवा: आकडा मोठा, पण टिकतो का?

गॅडोलिनियम चुंबकीय क्षेत्रात नेलं की तापतं. ती उष्णता काढून घ्या, मग क्षेत्र हटवा. ते आधीपेक्षा थंड होतं. चुंबकीय शीतकरण ते हेच, फ्रिजमधल्या वायूशिवाय. १९९७ मध्ये अमेरिकेतल्या एम्स प्रयोगशाळेच्या पेचार्स्की आणि ग्श्नाइडनर यांना गॅडोलिनियम-सिलिकॉन-जर्मेनियमच्या संयुगात, साधारण २७६ केल्विनला, एन्ट्रॉपीतला बदल याहून बराच मोठा दिसला. कारण तिथे चुंबकत्वाबरोबर स्फटिकरचनाही बदलते.

पण अशा बदलात हिस्टेरेसिस येतो: जाण्याची वाट एक, परतीची दुसरी, आणि दर फेरीला थोडी ऊर्जा वाया. म्हणून पेपर वाचताना मोठ्या आकड्याने हुरळून जाऊ नका. तो पहिल्याच फेरीचा आहे की दर फेरीला मिळतो, ते आधी बघा. फ्रिज एका फेरीवर चालत नाही!